डोळ्यांचं माप

भिंतीतले दोन डोळे कुणीतरी बुजवले होते. भिवराबाई जिना चढून वर आली, चौकटीला धरून दम घेतला, पदरानं मान पुसली आणि समोर बघितलं, तर आधी तेच दिसलं. पांढऱ्या भिंतीवर सिमेंटची दोन काळपट ठिगळं, वाटीच्या तोंडाएवढी, एकमेकांपासून दोन हातांवर. आणि त्यांच्या बरोब्बर वर, वीत आणि चार बोटं सोडून, दोन नवी भोकं. भोकांत पत्र्याच्या गोल डब्या बसवलेल्या. डब्यांतून तांबड्या-काळ्या वायरी लोंबत होत्या, व्यालेल्या म्हशीची वार लोंबावी तशा. तिला वाटलं, खोली चुकली. पण उगवतीची खिडकी तीच होती, खिडकीतून दिसणारी पाण्याच्या टाक्यांची रांग तीच होती आणि फरशीवर पाय पसरून बसलेला माणूसही तोच होता, वायरमन दिलावर. तोंडात तंबाखू, कानाला पेन्सिल. तिला बघितल्याबरोबर तो उठून उभा राहिला, आणि ती घाई भिवराबाईनं बरोबर टिपली. माणूस आदबीनं उठतो ते वेगळं आणि सापडल्यासारखा उठतो ते वेगळं. पंचवीस वर्षं गावच्या बायकांच्या दूध संस्थेची ती चेअरमन होती. चरवीत पाणी घालून आणलेली बाई पायरी कशी चढते, हे तिला चरवी उघडायच्या आत कळायचं.

"आवो मावशी! तुमी आज कशा? उद्या येनार व्हत्या ना?"

"कावून? आज येऊ नये असा सरकारनं हुकूम काढलाय का?"

दिलावर हसला, पण हसणं अर्धं झालं. भिवराबाईनं उद्याच यायचं ठरलं होतं हे खरं. उद्या घरभरणी होती. मुलानं, गहिनीनाथनं, बीडमध्ये बांधलेल्या ह्या नव्या घरात उद्या सत्यनारायण, पाहुणेरावळे, तालुक्याची माणसं. गावातनं, नांदूरघाटहून, सगळ्यांसाठी जीप सांगितली होती. पण ती आज पहिल्या एसटीनं एकटीच निघून आली होती, कुणाला न सांगता. कारण सांगण्यासारखं नव्हतं. ह्या खोलीत आज आरसा बसणार होता, तिचा आरसा, ज्याच्या काचेतून दिवे निघतात तसला. उद्या चारचौघांत रांडमुंड बाईनं आरशापुढं उभं राहायचं म्हणजे बायकांना वर्षभराचं चघळायला देणं. आज घरात कुणी नसताना, दार लोटून, एकदा पुढं उभं राहायचं आणि मग उद्या त्याच्याकडं पाठ करून बसायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. साठीला टेकलेल्या बाईनं असली चोरी करायला चाळीस मैल यावं ह्याचं एसटीत तिला हसू आलं होतं. खिडकीबाहेर वावरं मोकळी पडलेली, कापूस गुडघ्याएवढा होऊन करपलेला, फाट्याफाट्यावर टँकरची वाट बघणाऱ्या घागरी. आणि ती मात्र पदराच्या आत गालात हसत होती. आता ते हसू कुठं ठेवावं हे तिला कळेना.

ती पुढं गेली आणि त्या दोन ठिगळांसमोर उभी राहिली. ती बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत होती. असणारच. ती तिच्याच डोळ्यांच्या मापानं पाडलेली भोकं होती. वैशाखात, भिंती अजून उघड्या विटांच्या होत्या तेव्हा, ह्याच दिलावरनं तिला ह्याच भिंतीला उभं केलं होतं. "सरळ हुबं ऱ्हा मावशी, दम कोंडू नका, रोज जशा हुब्या ऱ्हाता तशा." मग कानावरची पेन्सिल काढून त्यानं तिच्या डोळ्यांच्या बरोबरीला विटेवर खूण केली होती. त्याला बोलायची हौस दांडगी. म्हणाला होता, "आरशाच्या दिव्याचं बाकीच्या दिव्यासारखं न्हाई. ह्यो डोळ्याच्या बरोबरीला पायजे, दोनी अंगाला. वर बसला का डोळ्याखाली खाचा पडतात, माणूस दवाखान्यातून आल्यावानी दिसतो. खाली बसला का भूत दिसतं. बरोबरीला बसला तर तोंडावर सावलीच न्हाई." तोंडावर सावलीच न्हाई. ते ऐकताना तिच्या पाठीला विटांचा गारवा लागत होता आणि शेजारी उभी असलेली सून, सरस्वती, खूण करणाऱ्या दिलावरला म्हणत होती, "नीट कर बरं का भाऊ. आमच्या आत्याबाईंचे डोळे लई चांगले हायेत. आजवर कुणाला दिसलेच न्हाईत."

हे असं कुणी तिला आधी म्हणालं नव्हतं. आसारामही नाही. आसाराम, तिचा नवरा, उसाच्या टोळीबरोबर गेला तो ट्रकवरून पडून मेला, तेव्हा ती तिशीच्या आत होती. त्या आधी आरसा बघायला सवड नव्हती आणि त्यानंतर परवानगी नव्हती. लग्न होऊन आली ती बहात्तरच्या दुष्काळात. हळद निघायच्या आत खडी फोडायला बसली. त्या साली विहिरीत तोंड बघायलासुद्धा पाणी नव्हतं. तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावरची सुकडी खाऊन सगळ्या बायकांची तोंडं एकसारखी झाली होती. मुकादम हजेरी घ्यायचा तेव्हा नाव घेतल्यावर आपणच आपल्याला ओळखायचं. पुढं विधवा झाल्यावर सासूनं कोनाड्यातला आरशाचा तुकडा उचलून कणगीत टाकला आणि वर म्हणाली, "आता कुणाला दाखवायचंय?" तिनं कुणाला दाखवलं नाही. पण तोंड मात्र चालू ठेवलं. गावात बायकांची संस्था काढायची ठरली तेव्हा दुसरीपर्यंत शिकलेली भिवराबाई खुर्चीत बसली ती तोंडाच्याच जोरावर. दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा. थेंब उभा राहिला तर दूध, ओघळला तर पाणी. पुढं काचेची नळी आली, मशीन आलं, पण बायकांचा विश्वास नखावर. आणि तसाच हातावर. पेंडीचं पोतं आलं की ती कोपरापर्यंत हात घालायची, डोळे मिटायची आणि सांगायची, वल हाय का न्हाई. तिनं "वाळलंय" म्हटलं की पोतं आत; "वल हाय" म्हटलं की गाडी माघारी. व्यापाऱ्यांनी मंत्र्याची चिठ्ठी आणली तरी माघारी. भिवराबाईच्या हाताला वल लपत न्हाई, असं केजच्या बाजारापर्यंत म्हणत.

त्या हातानं आता तिनं ठिगळाला शिवून बघितलं नाही. तसाच हवेत धरला, आणि वरची डबी किती वर आहे ते वीत लावून मोजलं. मग खाली घेतला. "कवा केलंस हे?"

"परवा," दिलावर म्हणाला. "आता आपुन काय मावशी, सांगितलं तसं करायचं. मी म्हनलो व्हतो, माप झालेलं हाय, डब्या बसलेल्या हायेत, कावून तोडता. काच बसवायची म्हंजे डबीचं तोंड काचेच्या बरोबरीला यावं लागतं. आत ऱ्हायली तर दिवा कशावर कसनार? भायेर आली तर काच तडकंल. लई नाजूक काम. एकदा बसवलेलं पुन्ना कोन उखडतं? पन…"

"पन काय? जीब बुजवली का तुजीबी सिमेंटनं?"

तो तंबाखू थुंकायला खिडकीकडं गेला. तो तिकडंच रेंगाळला तेवढ्यात जिन्यावरून 'संभालके, संभालके' करत काच आली. काचेच्या दुकानातला चाँद आणि एक हमाल, दोघांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली, दाराएवढी, आडवी. त्यांनी ती भिंतीला टेकवली आणि चाँदनं गोणपाट सोडलं. भिवराबाई बाजूला झाली तरी काचेत तिचे पाय आलेच. धुळीनं भरलेले, नखं तुटलेली, एसटीतून उतरून चालत आलेले. काचेत दोन गोल भोकं होती, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तिनं पुन्हा वीत लावली. खालच्या कडेपासून भोकापर्यंत. मग भिंतीवर, दिलावरनं काचेसाठी आखलेल्या खालच्या रेघेपासून. ती आकडे फारसे शिकली नव्हती, पण माप तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. काचेतली भोकं वरच्या डब्यांची होती. खालच्या ठिगळांचा ह्या काचेशी कधीच संबंध नव्हता.

"ही भोकं दुकानात पाडतात?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच शांत वाटला.

"दुकानात कुटलं मावशी," चाँद घाम पुसत म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तो सरळ बोलत होता. "ही जाड काच. भोकं पाडून, घासून औरंगाबादवरून येती. एकदा माप दिलं का दिलं, नंतर एक सूतबी हालत न्हाई. म्हनून तर आमी बोलतो, माप घेऊन मालकानं सोता यावं. तुमच्या इथं वहिनी आलत्या. सोता. पोळ्याच्या आदी."

"पोळ्याच्या आदी."

"हां. कावून आठवतं, तर त्या दिवशी दुकानात बैलाचे गोंडे टांगत व्हतो आमी शेजारच्याचे. वहिनी म्हनल्या, सुंदर दिसतात, पन औंदा बैलच चारा-छावनीला, बांधायचे कुनाला."

भिवराबाई खिडकीच्या कट्ट्यावर बसली. पोळ्याच्या आदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची सोडली होती. बायकांच्या भर मीटिंगीत, गुरं छावणीला गेलेली, दूध निम्म्यावर आलेलं, अशा वर्षात. सगळ्या बायका म्हणत होत्या, औंदा सोडू नका, औंदा तुमीच पायजे. सटवा गवळ्याची म्हातारी तर रडली. आणि ती म्हणाली होती, "रडतीस कावून? मी काय सरणावर चाललीय का? बीडला चाललीय. वरच्या मजल्यावर खोली हाय माजी, उगवतीच्या खिडकीची. आरसा हाय दिव्याचा." बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तिनं हसू दिलं. मग कमरेची किल्ली सोडली, लिटरचं पितळी माप उचललं आणि दोन्ही सरस्वतीच्या ओंजळीत ठेवली. तशी चाल होती संस्थेची. सही-शिक्के मागनं व्हायचे, पण माप ज्याच्या ओंजळीत तोच चेअरमन. सरस्वतीनं वाकून पाया पडताना तिच्या पावलावर डोकं टेकलं होतं, आणि टेकलेलं डोकं बराच वेळ उचललं नव्हतं. तेव्हा भिवराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तिला ते टेकलेलं डोकं पुन्हा दिसलं. इतका वेळ का टेकलं होतं? पाया पडणारीचं तोंड कुणालाच दिसत नाही. आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी ती बीडला आली होती, तेव्हा ह्या खोलीत डब्या खालीच होत्या, तिच्याच मापाला. तिनं त्यांत बोट घालून बघितलं होतं, लहान पोरीनं बघावं तसं. त्या वेळी काच औरंगाबादेत वरच्या मापानं कापून तयार झाली होती. काच आधी, भिंत मागून. भिंत तिला दिसणार होती म्हणून मागून.

गहिनीनाथनं हे केलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. पोरगं लहानपणापासून बापासारखंच; समोरचा म्हणेल त्याला मान हलवणार. त्याच्याकडून तिनं कधी काही धरलंच नव्हतं. पण सरस्वती तिनं स्वतः निवडून आणली होती, सिरसाळ्याहून. बघायला गेली तेव्हा कुणीतरी विचारलं, पोरीला काय काय येतं, तर पोरगी मान वर न करता म्हणाली होती, "विचारल्याचं उत्तर देता येतं." घरी येताना गाडीत भिवराबाई सगळा रस्ता हसत होती. तिला नखावर थेंब धरायला तिनं शिकवलं. खुर्चीत बसताना पदर सावरत बसायचं नाही, आधी बसायचं, मग समोरच्याला त्याचा पदर, टोपी, जे असेल ते सावरू द्यायचं, हे शिकवलं. बाळंतपणात पोरीला ताप चढला तेव्हा सगळी रात्र तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आणि आरशाचं खूळ तिनं आयुष्यात फक्त हिलाच सांगितलं होतं. कधीतरी संध्याकाळी, सरस्वती तिच्या डोक्याला तेल लावत असताना. कितीतरी वर्षांमागं संस्थेच्या बायकांना गुजरातेत डेअरी बघायला नेलं होतं; तिथल्या विश्रामगृहात तोंड धुवायच्या जागेवर भिंतभर आरसा होता, आणि दिवे आरशाच्या मागं नाहीत, वर नाहीत, आरशातूनच बाहेर आलेले, दोन्ही अंगाला, पिकल्या लिंबासारखे. तिनं चूळ भरायला मान वर केली आणि समोर एक बाई. कपाळ मोकळं, पण तोंडावर कुठं सावली नाही, डोळ्यांखाली खाच नाही, आणि डोळे असे, की ह्या बाईला आपण ओळखायला हवं होतं असं वाटावं. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. शेवटी बरोबरची वत्सलाबाई मागनं ओरडली, "आगं भिवरे, सर की! आरसा झिजंल!" सरस्वती हे ऐकून हसली नव्हती. तेलाचा हात तसाच ठेवून म्हणाली होती, "आत्याबाई, आपुन करू की तसला." नवऱ्याशी ती त्यावरनं भांडली होती. लोक काय म्हणतील म्हणाला, तर म्हणाली, लोकांनी बघायचा न्हाई, आत्याबाईंनी बघायचाय. हे सगळं खरं होतं. आणि हेच भिवराबाईला गिळता येत नव्हतं. पोरगी खोटी असती तर सोपं होतं. तिनं खऱ्या मनानं मागितला, आणि मग मागता मागता तिलाच तो हवासा झाला.

एकच गोष्ट तिला विचारायची होती. खोली कुणाची, कशी, कुणी ठरवलं, हे तिला ऐकायचं नव्हतं. त्याची उत्तरं तयार असतात.

सरस्वती आली ती हातात निशिगंधाच्या पुड्या घेऊन, घाईत, नव्या साडीच्या घडीचा वास घेऊन. दारात थबकली. नजर आधी काचेवर गेली, मग ठिगळांवर, मग सासूवर. ह्याच क्रमानं.

"आत्याबाई! आवो, फोन करायचा ना. गाडी पाठवली आसती. जेवलात का काही?"

"जेवन ऱ्हाऊ दे. हिकडं ये."

"आवो, ते डब्यांचं मी तुमाला सांगनारच व्हते…" तिनं पुड्या कट्ट्यावर ठेवल्या. "जिना तुमाला सोसत न्हाई, बघा आत्ताबी धाप लागलीय तुमाला. खाली मोरीजवळची खोली काढलीय तुमच्यासाठी, गार हाय. आन् खरं सांगू का, तुमचं मन हितं लागनार हाय का? चार दिवस ऱ्हाल आन् म्हनाल, मला नांदूरघाटला सोडा. मला आता संस्थेचं काम हितनंच जाऊन-येऊन करायचं, मीटिंगीला रोज भायेर पडायचं, जिल्ह्याची मानसं यायची…"

"सरस्वते." तिनं हात वर केला, मीटिंगीत बायकांचा गलका थांबवायला करायची तसा. "मी काई इचारलं का? मी इचारीन त्येचं उत्तर दे. तुला येतं ते. ह्यानं," तिनं दिलावरकडं न बघता त्याच्याकडं बोट केलं, "ह्यानं तुजं माप घेतलं तवा तू भिताडाला टेकून हुबी ऱ्हायली व्हतीस का?"

चाँदनं गोणपाटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. उत्तर देता येणाऱ्या पोरीनं उत्तर दिलं नाही. म्हणजे ती टेकून उभी राहिली होती. पाठीला विटांचा गारवा लागला असेल, दिलावर म्हणाला असेल, दम कोंडू नका वहिनी, रोज जशा उभ्या राहता तशा. आणि तिच्या डोळ्यांखाली वीत आणि चार बोटं, हनुवटीच्याही खाली, सासूची पेन्सिलची खूण असेल. ती खूण तिनं बघितली असेल आणि तरी पाठ सरळ केली असेल. भिवराबाईला एवढंच लागत होतं. मिळालं.

"चला मंग," ती म्हणाली आणि उठली. "उद्या पावनं येनार. लावा आरसा."

सरस्वतीचे डोळे भरून आले; ती पाया पडायला वाकली तर भिवराबाई म्हणाली, "आता नगं. साडी मळंल." दिलावर डब्यांची तोंडं तपासायला लागला, एक चिमटीएवढी बाहेर होती ती ठोकून आत बसवली. मग भिंतीवरून हात फिरवताना ठिगळांशी थांबला. बोट दाबून बघितलं.

"वहिनी, हे जरा गार लागतंय. परवाचंच हाय. आन् मिस्त्रीनं टँकरचं पानी सढळ मारलं त्याच्यावर, तडा जाऊ नये म्हनून. मला काचेतलं लई कळत न्हाई, पन… रंगवाल्याला ईचारू का?"

सरस्वतीनं मोबाईल काढला, ठेवला, पुन्हा काढला. चाँद म्हणाला आमी फक्त आनतो, चिकटवायचं तुमचं. आणि मग सगळेच, न ठरवता, भिवराबाईकडं बघायला लागले. सरस्वतीसुद्धा. सवयीनंच. पंचवीस वर्षांची सवय. पोतं उघडलं की हात कुणाचा हे विचारायचं नसतं. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तुमी बघा की."

भिवराबाई भिंतीशी गेली. कोपरापर्यंत बाही सारली, पेंडीच्या पोत्यात घालताना सारायची तशी, आणि उजवा तळवा एका ठिगळावर ठेवला. मग डोळे मिटले. बाहेर सगळा जिल्हा तहानलेला होता. नांदूरघाटला घरामागं दोन घागरी, एसटीच्या वाटेवर कोरडे ओढे, गुरं छावणीत उष्टा चारा चघळत उभी. आणि इथं, तिच्या तळव्याखाली, भिंतीच्या आत, ओल होती. गार, गच्च, आत कुठवर गेली असेल सांगता येऊ नये अशी. वासराच्या नाकासारखी. संस्थेचं ऑफिस बांधलं त्या साली नव्या गिलाव्यावर घाईनं आरसा लावला होता, उद्घाटनाला. संक्रांतीपर्यंत त्याच्यावर काळे ठिपके फुटले, पसरले, वाटीएवढे झाले. ओल काचेच्या मागनं खाते. पुढनं कितीही पुसा. तिनं रामकिसन गवंड्याला भर चौकात झापलं होतं, "वल्या भिताडाला आरसा लावतोस? बघ, आरशाला देवी आल्या!" सरस्वती तेव्हा सून होऊन आली नव्हती. आल्यावर तिनं तो आरसा कधी बघितला नाही. तो तोवर उकिरड्यावर गेला होता.

तळवा तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. तो हात आजवर एकदाही खोटं बोलला नव्हता. सख्ख्या भावानं पाठवलेलं पोतं तिनं माघारी लावलं होतं, आणि भाऊ बारा वर्षं दारात आला नव्हता. तिला वाटलं, आता हात आपोआप बोलेल. बोलला नाही. वाट बघत राहिला, ती काय सांगते त्याची.

तिनं डोळे उघडले. हात लुगड्याला पुसला.

"वाळलंय," भिवराबाई म्हणाली. "लावा."

पुढचं काम झटपट झालं. दिलावरनं भिंतीला डिंकाचे गोळे मारले, दोन ठिगळांवरही मारले. तिघांनी काच उचलली. वायरी भोकांतून पुढं घ्यायला चौथा हात हवा होता. "मावशी, जरा वडता का," दिलावर म्हणाला, आणि तिनं टाचा उंचावून, एक एक वायर बोटाच्या टोकानं भोकातून बाहेर ओढली, सुईत दोरा ओवल्यासारखी. काच भिंतीला बसली. ठिगळं गेली. जणू कधी नव्हतीच. दिलावरनं पितळी बैठकी कसल्या, वर गोल दुधी काचा बसवल्या आणि दाराजवळच्या बटणाशी जाऊन म्हणाला, "बिसमिल्ला."

दिवे लागले. पिकल्या लिंबासारखे, अगदी तसेच. सरस्वती समोर उभी होती. तिच्या तोंडावर दोन्हीकडून उजेड आला आणि कुठं सावली राहिली नाही. तिचे डोळे अजून ओले होते, आणि तसेच ओले असताना तिचा हात कानाजवळ गेला. केसांची एक बट तिनं मागं सारली. मग मान थोडी तिरकी केली. ती एका श्वासापुरतीच. लगेच हात खाली आला, चोरट्यासारखा. पण भिवराबाईनं बघितलं. शेजारी तीही आरशात होती. उजेड तिच्या डोक्यावरून खाली पडत होता. कपाळ लख्ख, मोकळं. हनुवटी आरशाच्या कडेशी तुटलेली. आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा. त्यांत डोळे आहेत की नाहीत हे तिलाही दिसेना.

तिनं बघायचं तिथं बघितलं. तोंडाच्या दोन्ही अंगाला, काचेत, जिथं तिचे दिवे लागायचे होते. अजून काही नव्हतं. स्वच्छ होतं. संक्रांतीला अवकाश होता.

"कसा दिसतोय आत्याबाई?" सरस्वतीनं विचारलं.

"लई झ्याक," ती म्हणाली. पिशवी उचलली. "रोज पुशीत जा."

"आवो, निघाल्या कुटं? आन् उद्या?"

"उद्या जीपनं येते. सगळ्यांबरूबर." ती जिन्याच्या कठड्याला धरून एक एक पायरी उतरायला लागली. धाप लागत नव्हती. खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं की उजवा तळवा अजून गार आहे. तो तिनं पुन्हा लुगड्याला पुसला, मग पदराला पुसला, आणि एसटी स्टँडपर्यंतच्या भर उन्हात मूठ मिटून चालत राहिली.